झेनागा म्हाताऱ्यांपुरती का उरली, आणि त्यांच्यासोबत आज कोणतं काम करता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोरोक्कोने 2011 मध्ये आणि अल्जेरियाने 2016 मध्ये तमाझिग्तला, म्हणजे बर्बर भाषेला, राज्यघटनेत अधिकृत स्थान दिलं. मग त्याच कुळातली मॉरिटानियातली झेनागा मोजक्या म्हाताऱ्या माणसांपुरती का उरली? आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आज तिच्याकडे वळण्यात काही अर्थ आहे का, की वेळ निघून गेली?

वेळ निघून गेलेली नाही. मात्र राहिलेलं काम शब्द गोळा करण्याचं कमी आणि दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवून बोलतं करण्याचं जास्त आहे. असं का म्हणते हे कळायला ही भाषा आटली कशी ते आधी पाहावं लागेल, आणि ज्यांच्याकडे ती उरली त्यांच्या मनात ती आज कोणत्या अवस्थेत असते तेही. माझं स्वतःचं क्षेत्रकाम सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान भाषांवरचं. झेनागावरचं प्रकाशित साहित्य मी भाषाऱ्हास शिकवताना अनेक वर्षं वापरत आले आहे, कारण ऱ्हासाबद्दलचे आपले बरेचसे ठरीव समज या एका भाषेपुढे टिकत नाहीत.

झेनागा बोलली जाते ती मॉरिटानियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ट्रार्झा प्रांतात, मेदेर्द्रा गाव आणि अटलांटिकचा किनारा यांच्यामधल्या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात. दक्षिणेला सेनेगल नदी. उत्तरेला मोरोक्कोतल्या बर्बर गावांपर्यंत मध्ये सगळं वाळवंट, आणि भाषेतलं अंतर त्याहून मोठं. मोरोक्कोच्या राजधानीत, रबातमध्ये, प्रमाणित केलेली तमाझिग्त मेदेर्द्रातल्या आजोबांना कळत नाही. तिच्या पाठ्यपुस्तकांचा त्यांच्या नातवंडांना काही उपयोग नाही. झेनागाची सगळ्यात जवळची बहीण आहे तेत्सेर्रेत. ती थेट नायजरमध्ये, तुआरेग या दुसऱ्या बर्बर भाषिक लोकांनी वेढलेल्या एका लहान समूहात बोलली जाते, आणि तिचीही अवस्था नाजूकच आहे. राहिला प्रश्न मॉरिटानियाच्या सरकारचा. तिथल्या 1991 च्या राज्यघटनेत अरबी ही अधिकृत भाषा, आणि राष्ट्रीय भाषा म्हणून अरबी, पुलार, सोनिंके आणि वोलोफ यांची नावं आहेत. झेनागाचं नाव नाही. पण तिचं नाव घातलं असतं तर ती वाचली असती, असंही मला वाटत नाही. कारण ती कोणी बंद पाडलेली नाही. तिच्याच बोलणाऱ्यांनी शतकानुशतकं, विचार करून, तिच्या बदल्यात दुसरं काही मिळवलं.

ते काय मिळवलं हे समजून घेण्यात थोडा वेळ घालवायला हवा.

झेनागा हे सन्हाजा या नावाचंच रूप. अकराव्या शतकात याच पश्चिम सहारातल्या लम्तूना, गुद्दाला, मस्सूफा या सन्हाजा टोळ्यांतून अल्मोराविद चळवळ उभी राहिली. त्यांनी 1070 च्या सुमारास माराकेश वसवलं आणि 1086 मध्ये झल्लाकाच्या लढाईत स्पेनच्या ख्रिस्ती सैन्याचा पराभव केला. तोंडावर कापड गुंडाळणारे हे उंटपाळ जी भाषा बोलत, तिची आजची वारस म्हणजे झेनागा. पंधराव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगालच्या सेवेतला व्हेनिसचा दर्यावर्दी काडामोस्टो या किनाऱ्यावर आला, तेव्हा सेनेगल नदीच्या उत्तरेकडच्या लोकांना त्याने ‘अझानेगी’ म्हणून ओळखलं. म्हणजे तोपर्यंत तरी नदीच्या उत्तरेचा मुलूख यांचा होता.

त्याच सुमाराला उत्तरेकडून बनू हस्सान हे अरब लढवय्ये दक्षिणेकडे सरकू लागले होते. पुढची दोनशे वर्षं चाललेली ही घुसळण सतराव्या शतकात शर बुब्बा नावाच्या युद्धात टोकाला गेली. सन्हाजांच्या बाजूने नासिर अद-दीन या धर्मनेत्याने इमाम म्हणून नेतृत्व केलं. तो 1674 च्या आसपास लढाईत मारला गेला आणि हस्सानांची सरशी झाली. या युद्धानंतर समाजाची जी घडी बसली ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. हस्सान लढणार आणि खंडणी घेणार. हरलेल्यांपैकी जे विद्वान घराण्यांतले होते ते झवाया म्हणवले जाणार: शस्त्र खाली ठेवून कुराण, व्याकरण, धर्मशास्त्र यांचं अध्यापन, विहिरी खणणं, व्यापार आणि पशुपालन हे त्यांचं क्षेत्र. आणि ज्यांच्याकडे शस्त्रही नाही आणि विद्याही नाही, अशा खंडणी भरणाऱ्या गुराख्यांना नाव पडलं ‘झ्नागा’. एका संपूर्ण लोकसमूहाचं नाव खालच्या पायरीचं नाव होऊन बसलं. आपली भाषाही त्याच नावाने ओळखली जाते हे रोज ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल, याचा विचार करा.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे भाषा मरते म्हटलं की डोळ्यांसमोर गरिबी, जंगल, विस्थापन येतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. तिचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि तिचे बोलणारे समाजाच्या अगदी खालच्या थरात ढकललेले आहेत. तिथे ऱ्हासाचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. झेनागाचं चित्र नेमकं उलटं आहे. ती जास्तीत जास्त टिकली ती झवायांत, म्हणजे विद्वानांत. मेदेर्द्राभोवतीचे अवलाद दयमान हे त्यातलं नावाजलेलं घराणं, बोलण्यातल्या चातुर्याबद्दल आणि अरबी पांडित्याबद्दल सगळ्या मॉरिटानियात प्रसिद्ध. याच कुळातल्या मुहम्मद अल-यादाली या अठराव्या शतकातल्या विद्वानाने झवायांचा इतिहास लिहिला, आणि तो लिहिला अरबीत. घरात झेनागा, लेखणीत अरबी, परक्याशी हस्सानिया. हस्सानिया म्हणजे त्या जेत्या अरबांची बोली, आज मॉरिटानियातल्या बहुतेक लोकांची मातृभाषा. ही त्रिस्तरीय व्यवस्था तीनशे वर्षं सुखाने चालली. भाषा मरायला दारिद्र्य लागतंच असं नाही.

या व्यवस्थेला तडा आतून गेला. ज्या समाजात मानाचा उगम अरबस्तानात आहे, तिथे वंशावळीही तिकडेच वळतात. सन्हाजा मुळात येमेनमधल्या हिम्यर राजवंशाचे, ही मध्ययुगापासून चालत आलेली कथा अनेक घराण्यांनी आपलीशी केली. एकदा आजोबांचे पणजोबा अरब ठरले की घरात बोलली जाणारी बर्बर भाषा ही अडचणीची साक्ष होते. कुणी तिच्यावर बंदी आणत नाही. फक्त पाहुणे आले की आवाज खाली येतो, मुलांसमोर हस्सानिया सुरू होते, आणि झेनागा मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यापुरती राहते. ऱ्हासाच्या बहुतेक कहाण्यांत हा टप्पा येतो: आईवडील ज्या भाषेत मुलांपासून गोष्टी लपवतात, ती भाषा मुलांना येत नाही. लपवणं हे तिचं शेवटचं घरगुती काम असतं.

विसाव्या शतकाने उरलेलं केलं. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा बहुसंख्य मॉरिटानियन भटके होते. 1968 पासून दुष्काळांची जी रांग लागली, तिने कळप मारले आणि तंबू उठवले. जी राजधानी 1958 मध्ये वाळूत नव्याने आखली गेली होती, त्या नुआकशॉतमध्ये माणसं येऊन आदळली. आज ते दहा लाखांहून मोठं शहर आहे. झेनागासाठी हा घाव वेगळ्या जातीचा होता. तिची ताकद होती छावणीत: चार-सहा तंबू, एकाच कुळातली माणसं, दिवसभर तेच तेच एकमेकांशी बोलणारे. कुठल्या उंटिणीला वासरू लागत नाही, कालचा वारा कोणत्या दिशेने होता, विहिरीचा दोर कुठे झिजलाय. हे बोलणं करायला हस्सानियाची गरज नव्हती. शहरात शेजारी दुसऱ्या कुळाचा, दुकानदार तिसऱ्या, शाळा अरबी आणि फ्रेंच. छावणी मोडली तिथे भाषेचा शेवटचा स्वतःचा प्रहर संपला.

आता आकड्यांबद्दल. झेनागा बोलणारे किती याची दोनतीनशेपासून काही हजारांपर्यंत उत्तरं सापडतील. मी विद्यार्थ्यांना या आकड्यांत गुंतू देत नाही. ‘बोलणारा’ कोणाला म्हणायचं यावर आकडा दहापट बदलतो, आणि भाषा येते हे कबूल करायला लाजणारे जसे असतात तसे येत नसताना कुळाच्या अभिमानाने हो म्हणणारेही असतात. त्याहून उपयोगाचा प्रश्न असा: ज्यांना ही भाषा चांगली येते अशी किती माणसं आज दुसऱ्या तशाच माणसाशी, आठवड्यातून एकदा तरी, तिच्यात बोलतात? दोनशे वृद्ध दोनशे वेगवेगळ्या घरांत सुना-नातवंडांशी हस्सानियात बोलत असतील, तर बोलणारे दोनशे आणि संभाषणं शून्य. वीस म्हाताऱ्या एका विहिरीभोवती रोज भेटत असतील तर भाषा अजून चालती आहे. जनगणनेला हा फरक दिसत नाही.

इथून मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. आपण समजतो की भाषा म्हाताऱ्यांच्या मनात अखंड साठवलेली असते आणि त्यांच्या मृत्यूबरोबर एकदम नाहीशी होते. प्रत्यक्षात ती त्यांच्या हयातीतच झिजते. ज्याच्याशी बोलायचं तो साथीदार गेला की दहापंधरा वर्षांत उत्तम वक्त्याचीही भाषा बदलते, आणि ती ठरावीक ठिकाणी बदलते. रोजचे साधे शब्द बरेच दिवस टिकतात. म्हणूनच शब्दसूची घेऊन गेलेल्या संशोधकाला सगळं ठीक आहे असं वाटतं. आधी जातात ते कमी वापराचे व्याकरणाचे कोपरे. बर्बर बोलींत नकारार्थी वाक्यात क्रियापदाचं अंग वेगळं असतं: ‘गेला’ आणि ‘नाही गेला’ यांत नकाराचा शब्द लागतोच, वर आतले स्वरही बदलतात. झिजलेल्या बोलण्यात नकाराचा शब्द राहतो आणि आतला बदल गळतो. अनेकवचनाचं तसंच. काही नामांची अनेकवचनं आतले स्वर बदलून होतात, काहींची शेवटी प्रत्यय लावून. सराव तुटला की प्रत्ययवाली सोपी रीत सगळीकडे पसरते. मग गोष्ट सांगताना वाक्यामागून वाक्य गुंफायच्या लकबी जातात आणि प्रत्येक वाक्य सुटं सुटं पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आजोबा थकले. थकलेली असते गुंफण.

सगळंच जात नाही, हेही सांगायला हवं. बर्बर कुळात अंकांची स्थिती चमत्कारिक आहे. उत्तर मोरोक्कोतल्या रिफ भागात लाखो लोक जोमाने बर्बर बोलतात, पण मोजताना एक वगळता जवळपास सगळे अंक अरबी. उलट मरणपंथाला लागलेल्या झेनागाने आपले दहापर्यंतचे अंक नीट जपले. म्हणजे एखाद्या अंगाच्या झिजेवरून भाषेच्या आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि उलटही नाही.

या अंकांची एक शाखा तर फार लांब गेली आहे. सेनेगलमध्ये वोलोफ बोलणारे लोक दुपारनंतरच्या, असरच्या नमाजाला ‘तक्कुसान’ म्हणतात. त्यात बर्बर ‘चार’ दडलेला आहे, कारण त्या नमाजाचे रकात, म्हणजे आवर्तनं, चार. दुपारचा ‘तिसबार’ तिकडूनच आला. पश्चिम आफ्रिकेत बकरी ईदला सर्रास वापरला जाणारा ‘तबास्की’ हा शब्दही बर्बरमधूनच आलेला. नदीच्या दक्षिणेला इस्लाम नेला तो बऱ्याच अंशी सन्हाजा व्यापाऱ्यांनी आणि शिक्षकांनी, आणि त्याचे शब्दही त्यांचेच गेले. जे लोक पुढे धर्माच्या मानासाठी आपली भाषा मागे ठेवत गेले, त्यांच्याच भाषेत शेजाऱ्यांनी धर्म शिकला होता, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. हस्सानियातही झेनागाचे शब्द भरलेले आहेत, विशेषतः चराई, भूगोल आणि घरगुती वस्तूंचे. गवयांच्या तंतुवाद्याला तिकडे ‘तिदिनीत’ म्हणतात. पुढे ‘ति’ आणि मागे ‘त’ ही ठेवण बर्बर स्त्रीलिंगी नामाची आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मात्र झेनागाचं सगळ्यात मोठं देणं घशात आहे. दोन स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटून सुटले की जो झटका ऐकू येतो, अरबी हम्झाचा, त्याला आपण काकल्य स्पर्श म्हणतो. डॅनिश अभ्यासक कार्ल प्रासे यांनी विसाव्या शतकात तुआरेग बोलीच्या आधारे तर्क मांडला होता की आद्य बर्बर भाषेत घशातून उच्चारलं जाणारं एखादं व्यंजन असावं आणि बहुतेक बोलींत ते गळून फक्त स्वर उरले असावेत. झेनागात अशाच जागी काकल्य स्पर्श आजही उच्चारला जातो. लायडनच्या मार्टेन कॉसमन यांनी 2001 मध्ये झेनागाच्या स्वरांची उकल करताना हे नातं स्पष्ट केलं. पण त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं काय होत होतं पाहा. सेनेगलचे माजी फ्रेंच गव्हर्नर फेदेर्ब यांनी 1877 मध्ये झेनागावर पुस्तक काढलं, रने बासे यांचं 1909 मध्ये आलं, फ्रान्सिस निकोला यांचं 1953 मध्ये. या नोंदींवर विसंबून राहिलो असतो तर या व्यंजनाचा खरा विस्तार कधी कळला नसता. तो कळला कातरीन तैन-शेख यांच्या कानामुळे. त्या आधी हस्सानियाच्या अभ्यासक, अनेक वर्षं त्याच समाजात वावरलेल्या. त्यांचा झेनागा-फ्रेंच कोश 2008 मध्ये आणि फ्रेंच-झेनागा कोश 2010 मध्ये कलोनहून प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून त्यांनी हे ऐकलं ती माणसं तेव्हाही वयस्करच होती. म्हणजे भाषेबद्दलची सर्वांत मोलाची गोष्ट ती क्षीण झाल्यावर हाती लागली. ‘आता उशीर झाला’ या वाक्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे.

मग काम कसं करावं? इथे माझा अनुभव सातपुड्यातला आहे, पण म्हातारपण सगळीकडे सारखंच असतं.

एकट्या माणसाची मुलाखत घेऊ नका, किंवा घेतलीत तर तेवढ्यावर थांबू नका. ‘झेनागात अमुक कसं म्हणाल?’ असं तुम्ही हस्सानियात किंवा फ्रेंचमध्ये विचारलंत, की उत्तरही त्या भाषेच्या साच्यात येतं. दोघांना, शक्य तर बालपण एकत्र घालवलेल्या दोघांना, एका जागी आणा. यात प्रवासखर्च, नातेवाइकांची परवानगी, औषधांच्या वेळा हे सगळं आलं. शोधनिबंधात या गोष्टींची नोंद कुठे होत नाही, पण प्रकल्पाचे निम्मे पैसे त्यातच जायला हवेत. पहिला अर्धा तास ते हस्सानियातच बोलतील. त्यांना घाई करू नका, आणि तुम्ही खोलीबाहेर जाऊ शकलात तर जा. मॉरिटानियात चहाचे तीन पेले ओतायला तास लागतो. तो तास तुमचा मित्र आहे. जुन्या विहिरी, हरवलेली जनावरं, शाळेतला मार, कोणाचं लग्न मोडलं, या विषयांवर माणसं आपोआप जुन्या भाषेत शिरतात. सोळा-सतराव्या वर्षी जे ज्या भाषेत घडलं ते त्याच भाषेत आठवतं, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आवाजाकडे विशेष लक्ष द्या. म्हाताऱ्या माणसाचा आवाज मुळातच घशात करकरतो, त्यामुळे काकल्य स्पर्श कुठला आणि वयाची करकर कुठली हे नुसत्या कानाने ओळखणं अवघड. झेनागात दातांमध्ये जीभ आणून काढायचे घर्षक ध्वनीही आहेत. पुढचे दात नसले की ते भलतेच ऐकू येतात. यावर उपाय एकच: तोच शब्द वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या दातांच्या किमान तीन-चार माणसांकडून, वाक्यात घ्या. मायक्रोफोन कॉलरला लावा, न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर रेकॉर्ड करा. मोबाइलच्या व्हॉइस नोटमध्ये नेमके हेच बारीक ध्वनी पिळले जातात. ऐकू कमी येणाऱ्यांना त्यांचंच बोलणं हेडफोनवर ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकल्यावर माणसं दुरुस्त्या करतात, राहिलेलं सांगतात, आणि ती दुसरी फेरी पहिलीपेक्षा श्रीमंत असते. नोंदी इलानसारख्या संगणकीय प्रणालीत ध्वनिमुद्रणाच्या वेळेशी जुळवून ठेवा आणि प्रत एखाद्या संग्रहात द्या. पॅरिसचा पांग्लॉस संग्रह खुला आहे. कुटुंबालाही प्रत द्या. एखादा भाग उघड करू नका असं ते म्हणाले, तर तो उघड करायचा नाही.

‘मला कुठे येते, खरं जाणणारा तो अमुक, तो गेला’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळेल. ते नम्रतेने ऐकून घ्या आणि बसून राहा.

आता सर्वात दुर्लक्षित माणसांबद्दल. वृद्धांच्या खाली एक पिढी असते, आज पन्नाशी-साठीतली. त्यांना सगळं कळतं, बोलता अडखळत येतं. नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडमधल्या गेलिकच्या अभ्यासातून या अर्धवक्त्यांकडे जगाचं लक्ष वेधलं. हे लोक गप्प असतात कारण त्यांच्या प्रत्येक चुकीवर म्हातारे हसतात. चांगली भाषा बोलणाऱ्या वृद्धांचा शुद्धतेचा आग्रह हा ऱ्हासाचा स्वतंत्र घटक आहे आणि तो प्रेमातून येतो, म्हणून त्यावर बोलणं कठीण. पण बोलावं लागतं. आजीला एकांतात सांगावं लागतं की मुलगा चुकला तरी आज त्याला टोकू नका. मी काम केलेल्या वस्त्यांमध्ये जिथे हे जमलं तिथे काही महिन्यांत घरातलं वातावरण बदललेलं दिसलं, आणि रेकॉर्डिंग समजून घ्यायलाही हेच लोक सगळ्यात मोठा आधार ठरतात. वृद्धांना लिप्यंतराचा कंटाळा येतो; यांना नाही.

पुनरुज्जीवनाची आशा आहे का, हा प्रश्न थेट विचारलेला नाही, पण मागे उभा आहे. लिबियातल्या अवजिला मरुद्यानाची बर्बर बोली आपल्याला मुख्यतः उंबेर्तो पारादिसी यांच्या 1960 च्या सुमाराच्या नोंदींतून माहीत होती. गद्दाफींच्या राजवटीत बर्बर अस्तित्वच नाकारलं जात होतं, आणि परदेशी संशोधकाला तिथे जाता येत नव्हतं. 2011 नंतर फेसबुकवर अवजिलाचे लोक आपल्या बोलीत लिहू लागले. मरैन फान पुतेन आणि लमीन सुआग यांनी त्या मजकुराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात झीज स्पष्ट दिसली आणि भाषेबद्दलची नवी ओढही तितकीच स्पष्ट दिसली. दुसरीकडे लिबियातलंच सोक्ना आणि ट्युनिशियातलं सेनेद. दोन्ही बोलींची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेका अभ्यासकाने नोंद केली आणि दोन्ही आज कानांवर पडत नाहीत. सेनेदसाठी आपल्याकडे 1911 चं एक पुस्तक आहे. आवाज नाही, संभाषण नाही. पुस्तकातल्या उच्चारांबद्दल शंका आली तर विचारायला कोणी नाही.

झेनागा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. अवजिलात जी ओढ दिसली तिच्यामागे राजकीय दडपण सुटल्याचा आनंद होता. मॉरिटानियात सुटायला तसं दडपणच नाही, त्यामुळे तशी लाट येईल असं मला वाटत नाही. पण झवाया घराण्यांत एक गोष्ट आहे जी इतरत्र नाही: आपल्या पूर्वजांच्या विद्येचा जिवंत अभिमान आणि हस्तलिखितं जपण्याची सवय. नुआकशॉतमधल्या एखाद्या तरुणाला आपली पणजी कोणत्या भाषेत अंगाई म्हणत होती हे ऐकायला मिळालं, तर तो ते जपेल. घरात तो झेनागा बोलेल असं मी म्हणत नाही. पण घराण्याच्या विद्येत तिला जागा मिळाली की तिच्याभोवतीची लाज ओसरते, आणि अर्धवक्ते बोलू लागतात.

तेव्हा विद्यार्थ्याने काय करावं? झेनागाचा कोश उघडण्याआधी हस्सानिया शिकावी, कारण हे वृद्ध चोवीस तास तिच्यात जगतात आणि त्यांच्याशी मैत्री तिच्यातूनच होईल. फ्रेंच वाचता यायलाच हवी, बहुतेक साहित्य फ्रेंचमध्ये आहे. मग तैन-शेख यांच्या कोशातल्या उदाहरणवाक्यांवर किमान सहा महिने घालवावेत. जाताना स्वतंत्र मोठा प्रकल्प घेऊन न जाता नुआकशॉत विद्यापीठातल्या एखाद्या ट्रार्झाच्याच सहकाऱ्यासोबत जावं, आणि पहिल्या मोसमात एकही प्रश्नावली भरून न घेता फक्त कोण कोणाशी अजून झेनागात बोलतं याची यादी करावी: नाव, गाव, वय, आणि त्या दोघांमधलं अंतर किती किलोमीटर. त्या यादीत जी जोडी एकमेकांच्या सगळ्यात जवळ राहते आणि सगळ्यात म्हातारी आहे, तिथून रेकॉर्डिंग सुरू करावं.